एकही माणूस घरी न आणणारा ओडिसियस वीर कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "होमरची ओडिसी नुकतीच वाचून संपवली. ओडिसियस युद्ध संपल्यावर बारा जहाजं घेऊन ट्रॉयहून निघतो आणि दहा वर्षांनी आपल्या गावी, इथाकाला, एकटा पोचतो. बरीच माणसं तर त्याच्या हट्टापायी किंवा त्याने गोष्टी लपवल्यामुळे जातात. मग त्याला वीर का म्हणायचं? मला कॉलेजात निबंध लिहायचा आहे. 'तो वीर नाही' असं लिहिलं तर चालेल का?"

चालेल. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकले आहेत. ओडिसियस नायक म्हणून, म्हणजे माणसांची जबाबदारी घेतलेला कप्तान म्हणून कसा होता, हा एक. ग्रीकांनी ज्याला वीर मानलं त्याच्याकडून त्यांची अपेक्षा काय होती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'वाईट' असं आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप 'नाही' होत नाही. निबंध ढासळतो तो इथेच.

मी बरीच वर्षं ग्रीक महाकाव्यं शिकवते, आणि हा प्रश्न वर्गात आला की मला मनापासून बरं वाटतं. कारण तो आजच्या वाचकाने बाहेरून लादलेला नाही. तो काव्यातच आहे. चोविसाव्या सर्गात, ओडिसियसच्या गैरहजेरीत त्याची बायको पेनेलोपी हिच्या मागे लागलेल्या १०८ जणांची त्याच्या हातून कत्तल झाल्यावर, इथाकाची सभा भरते. त्यातल्या अँटिनूसचा बाप युपिथीस रडत उभा राहतो आणि ओडिसियसवर दोन आरोप ठेवतो: या माणसाने जहाजं भरून चांगली माणसं नेली, जहाजंही घालवली आणि माणसंही घालवली, आणि परत आल्यावर इथली उत्तम माणसं मारली. त्याला उत्तर द्यायला वृद्ध हॅलिथर्सीस उठतो. तो म्हणतो, तुमची पोरं दुसऱ्याचं घर ओरबाडत होती, मी आणि मेंटोरने बजावलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, आता भोगा. हे झालं दुसऱ्या आरोपाचं उत्तर. पहिल्या आरोपाला, जहाजं आणि माणसं कुठे गेली याला, त्या सभेत कोणीही उत्तर देत नाही. अर्ध्याहून जास्त माणसं हत्यारं घ्यायला धावतात. युपिथीसच्या हेतूबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, तो पोराचा सूड घ्यायला निघालेला बाप आहे. पण होमरने हा आरोप त्याच्या तोंडी घातला आणि तो तसाच उघडा ठेवला, हे विसरून चालत नाही.

आता हिशेब. वर्गात मी मुलांना आधी मोजायला लावते, मत नंतर विचारते. सुरुवातीला जहाजं बारा, हा आकडा होमरच्या दुसऱ्या काव्यातल्या, इलियडच्या दुसऱ्या सर्गातल्या यादीतही आहे. माणसं किती ते काव्य थेट सांगत नाही, पण काढता येतं. सर्सी या जादूगारणीच्या बेटावर एकच जहाज उरलेलं असताना ओडिसियस माणसांचे दोन गट करतो. त्याचा दुय्यम युरिलोकस बावीस जणांना घेऊन जातो, म्हणजे दोन्ही म्होरके धरून सेहेचाळीस. त्याआधी याच जहाजावरचे सहा इस्मारस गावच्या लढाईत आणि सहा सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत गेलेले. म्हणजे एका जहाजावर साठाच्या आसपास आणि ताफ्यात सहाशे ते सातशेच्या घरात माणसं. परत आला एक.

हा आकडा समोर ठेवून काव्याच्या पहिल्या दहा ओळी पुन्हा वाचा. तिथे म्हटलंय की त्याने सोबत्यांना घरी आणण्यासाठी जिवाचं रान केलं, पण ते त्यांच्याच मूर्खपणाने गेले, कारण त्यांनी सूर्यदेवाची गुरं खाल्ली. ही गुरं खाल्ली ती शेवटच्या एका जहाजावरच्या माणसांनी. बाकीची अकरा जहाजं त्याच्या कितीतरी आधी बुडालेली होती. त्या शेकडो माणसांनी सूर्यदेवाचं बेट पाहिलंसुद्धा नव्हतं. काव्याचा आरंभ ज्या वाक्यात त्याला दोषमुक्त करतो, ते वाक्य फार तर एका जहाजाला लागू पडतं. माझ्या मते तुमच्या निबंधाचा कणा इथे आहे.

ती अकरा जहाजं कशी गेली ते नीट बघू, कारण हा प्रसंग दहाव्या सर्गात जेमतेम पन्नास ओळींत उरकलेला आहे आणि वाचक तो ओलांडून सर्सीकडे पळतात. लेस्ट्रिगोनियन या राक्षसी लोकांचं बंदर: दोन्ही बाजूंना उंच सरळ कडे, तोंड अरुंद, आत पाणी अगदी शांत. सगळे कप्तान जहाजं आत नेऊन एकमेकांशेजारी बांधतात. ओडिसियस स्वतःचं जहाज तेवढं बाहेर, बंदराच्या तोंडाशी खडकाला बांधतो. का? सांगत नाही. धोका वाटला असेल तर इतरांना का बजावलं नाही? सांगत नाही. मग टेकडीवर चढतो, लांबवर धूर दिसतो, तिघांना पाठवतो. राजा अँटिफाटीस त्यातला एक जागीच मारतो. राक्षस कड्यांवरून दगड टाकून जहाजं फोडतात आणि माणसांना मासे भोसकावेत तसं भोसकून नेतात. ओडिसियस तलवारीने आपला दोर कापतो, वल्ही मारायला सांगतो आणि निसटतो. सावधपणा होता, पण तो एका जहाजापुरता. कप्तान म्हणून याहून जड ठपका मला त्याच्या सगळ्या प्रवासात सापडत नाही. आणि विचार करण्यासारखी गोष्ट ही, की हे सगळं तो स्वतःच सांगतोय आणि तरी त्याला सारवासारव करावीशी वाटत नाही.

बाकीचे प्रसंग इतके काळेपांढरे नाहीत. इस्मारसला त्याने लूट घेऊन लगेच निघू या म्हटलं होतं. माणसं पीत, मेंढरं कापत बसली, तिथले किकोनियन लोक चालून आले आणि दर जहाजामागे सहा जण गेले. हा दोष त्याच्या पदरात टाकता येत नाही, गाव लुटायला तोच उतरला होता एवढं सोडून. कमळं खाऊन घर विसरलेल्यांना त्याने रडत असताना ओढून आणून जहाजात बांधलं. सर्सीने माणसांची डुकरं केली तेव्हा युरिलोकस परत जायला तयार नव्हता. ओडिसियस एकटा गेला. सूर्यदेवाच्या बेटावर, थ्रिनाकियाला, उतरूच नका असं त्याने सांगितलं होतं, माणसांनी जबरदस्तीने उतरायला लावलं, शपथ घेतली, महिनाभर वारा अडला, अन्न संपलं, आणि मग ती शपथ मोडली.

सायक्लॉप्सच्या गुहेत मात्र सोबती हात जोडत होते: चीज घ्या, कोकरं घ्या, निघू या. त्याला यजमान बघायचा होता, पाहुणा म्हणून भेटवस्तू मिळते का ते पाहायचं होतं. सहा माणसं त्या कुतूहलापोटी गेली. तो स्वतःच कबूल करतो की त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. त्याहून वाईट पुढचं. सुटका झाल्यावर, सोबती पुन्हा पुन्हा आवरत असताना, तो ओरडून स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतो. नाव कळल्यामुळेच तो सायक्लॉप्स, पॉलिफेमस, आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे नेमका शाप मागू शकतो: हा घरी पोचलाच तर उशिरा पोचो, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरी संकटं उभी असोत. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. वाऱ्यांचा राखणदार एओलसने वारे बांधून दिलेल्या पिशवीचंही तसंच. नऊ दिवस तो शिडाचा दोर दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. दहाव्या दिवशी इथाकाच्या शेकोट्या दिसू लागतात, त्याला झोप लागते, आणि पिशवीत सोनंचांदी आहे असं वाटून माणसं ती उघडतात. त्यांची हाव होतीच. पण पिशवीत काय आहे हे आपल्या माणसांना माहीत नसणं, यात दोष एकट्या त्यांचा कसा?

आणि स्किला, सहा तोंडांची राक्षसीण. इथे मी मुलांना घाईने निकाल देऊ देत नाही. सर्सीने सांगितलेलं असतं की कॅरिब्डिस या भोवऱ्याच्या बाजूने गेलास तर सगळे जातील, स्किलाच्या बाजूने गेलास तर सहा. तो सहांचा मार्ग घेतो आणि माणसांना सांगत नाही, कारण कळलं तर ते वल्ही टाकून आत दडतील. सहा जण उचलले जातात, वर जाताना त्याचं नाव घेऊन हाका मारत. तो म्हणतो, समुद्रावर मी सोसलेल्या सगळ्यात इतकं करुण काही पाहिलं नाही. ज्यांनी बोट, खाण किंवा इस्पितळाचा तातडीचा विभाग सांभाळला आहे अशांना हा निर्णय समजतो. मला तो कठोर पण जबाबदार वाटतो. लेस्ट्रिगोनियनांच्या बंदरात त्याने जे गप्प राहणं पत्करलं, त्याने त्याचं जहाज वाचलं. इथलं गप्प राहणं जहाजावरच्या उरलेल्यांसाठी होतं. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

आता एक गोष्ट, जिच्यावर तुमचा निकाल बराच अवलंबून आहे. नऊ ते बारा हे सर्ग ओडिसियस स्वतः सांगतो, फिएशियनांचा राजा अल्किनूस याच्या दरबारात. त्याला त्या दरबाराकडून जहाज हवंय, भेटी हव्यात. म्हणजे साक्षीदार एकच, आणि आरोपीही तोच. काही वाचक म्हणतात, मग त्याच्या सांगण्यावर भरवसा कसा ठेवायचा. मी उलट बाजूने बघते: स्वतःच्या फायद्यासाठी सांगणारा माणूसही इतक्या ठिकाणी स्वतःला उघडं पाडतो. युरिलोकसचा आरोप आपल्याला त्याच्याच तोंडून कळतो. सर्सीकडे पुन्हा जायला नकार देताना युरिलोकस सगळ्यांसमोर म्हणतो, सायक्लॉप्सकडे आपली माणसं मेली ती याच्या बेदरकारपणामुळे. काव्याच्या आरंभी सोबत्यांवर जो ठपका आहे, तोच इथे कप्तानावर उलटवलेला आहे. ओडिसियसला वाटतं, जवळचा सोयरा असला तरी याचं मुंडकं उडवावं. इतर आवरतात. त्या आरोपाला तो उत्तर देत नाही, फक्त तलवार आठवते.

इथे इलियडमधले दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. ते ठेवल्याशिवाय होमरला हे सगळं दिसत होतं हे सिद्ध करता येत नाही. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन त्याने दुखावलेल्या अकिलीससमोर आपली चूक मान्य करतो आणि त्याच दमात म्हणतो, दोष माझा नाही, झ्यूसने आणि दैवाने माझी बुद्धी फिरवली. बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा सेनापती हेक्टर शहराच्या वेशीबाहेर एकटा उभा आहे, अकिलीस येतोय, आई-बाप तटावरून आत ये म्हणून विनवतायत. तो आत जात नाही, कारण आदल्या रात्री पॉलिडामसने सैन्य शहरात न्यायचा सल्ला दिला होता आणि याने तो धुडकावला होता. तो स्वतःशी म्हणतो: माझ्या बेदरकारपणाने मी माझी माणसं घालवली. तोच ठपका, पण स्वतःवर, कुणी न मागता. म्हणजे असं बोलणारा सेनापती होमरच्या जगात अशक्य नव्हता. ओडिसियसच्या तोंडी मात्र, इतकी माणसं गमावूनही, हे वाक्य कधीच येत नाही. माझ्या लेखी नायक म्हणून तो हेक्टरच्या खाली आहे, आणि हे मी कुठल्याही किंतुशिवाय म्हणते.

मग वीर? इथे ग्रीकांकडे जावं लागतं. त्यांच्या दृष्टीने वीर म्हणजे सद्गुणाचा पुतळा नव्हे. मेल्यानंतरही ज्याचं सामर्थ्य गावाला जाणवतं, ज्याला बळी आणि नैवेद्य दिला जातो, तो वीर. प्रवासवर्णनकार पॉसेनियसने अ‍ॅस्टिपॅलिया बेटावरच्या क्लिओमीडीसची हकीकत दिली आहे. इ.स.पू. ४९२ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात त्याने प्रतिस्पर्ध्याला मारलं, विजय नाकारला गेला, तो वेडापिसा होऊन गावी परतला आणि शाळेच्या छताचा खांब पाडून साठेक मुलं मारली. लोक दगड घेऊन मागे लागल्यावर तो अथेनाच्या मंदिरातल्या पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कोणी नाही. डेल्फीच्या देवळाने कौल दिला: हा शेवटचा वीर, याला बळी द्या. ज्या समाजात ही कथा भक्तिभावाने सांगितली जाते, तिथे वीरपण म्हणजे चांगलं वागल्याचं प्रशस्तिपत्र नाही, हे उघड आहे. खुद्द इथाकात पोलिस नावाच्या उपसागराच्या काठी एका गुहेत १९३०च्या दशकातल्या उत्खननात कांस्याच्या जुन्या तिवया मिळाल्या, आणि बऱ्याच नंतरच्या काळातल्या एका मातीच्या मुखवट्याच्या तुकड्यावर ओडिसियसला नवस बोलल्याचा लेख आहे. ज्याने गावची जहाजं परत आणली नाहीत, त्यालाच त्या गावच्या माणसांनी नवस केले. ग्रीक अर्थाने तो वीर आहे की नाही, हा वादच उरत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आला की बरेच विद्यार्थी लगेच द्यूतातल्या युधिष्ठिराकडे वळतात. निबंधात हा मोह टाळा असं मी सांगेन. तिथे धर्माचा प्रश्न सभेत उघडपणे विचारला जातो आणि धर्मराज या बिरुदाला बाधा येते. ओडिसियसला असं कोणतंही बिरुद नाही. त्याचं वैशिष्ट्य चतुराई आणि सोशिकपणा हे आहे, न्यायीपणा नव्हे.

पण केवळ ग्रीक व्याख्येत बसतो म्हणून वीर, एवढ्यावर थांबले तर तुमच्या मूळ अस्वस्थतेला मी बगल दिल्यासारखं होईल. तुम्ही विचारताय, आज आपण त्याला मान द्यावा का. मी देते, आणि त्याचं कारण आठव्या सर्गात आहे. फिएशियनांच्या दरबारात त्याला कोणी ओळखत नाही. तो स्वतःच अंध गायक डेमोडोकसला लाकडी घोड्याची, म्हणजे स्वतःच्या सर्वांत मोठ्या पराक्रमाची कथा गायला सांगतो. गाणं सुरू होतं आणि तो रडू लागतो. होमर म्हणतो, शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहाला मिठी मारून एखादी बाई रडते, आणि मागून सैनिक तिला भाल्यांनी ढोसत गुलामीत नेतात, तसा. ज्याने ट्रॉय जाळलं, तो ट्रॉयच्या विधवेसारखा रडतो. अमर करीन म्हणणाऱ्या देवता कॅलिप्सोला त्याने नाकारलं, पेनेलोपी तुझ्याइतकी सुंदर नाही हे मान्य करून नाकारलं, तेही इथे आठवा. दुःख सोसून दुसऱ्याच्या दुःखापर्यंत पोचलेला आणि मर्त्य राहणं निवडलेला माणूस, म्हणून तो मला थोर वाटतो.

ही थोरवी टिकते का, तर पूर्ण टिकत नाही. बाविसाव्या सर्गात पेनेलोपीच्या मागे लागलेल्यांपैकी शरण आलेल्या लिओडीसला तो मारतो. पन्नास दासींपैकी त्या मंडळींशी संग केलेल्या बारा जणींना आधी प्रेतं उचलायला आणि रक्त पुसायला लावतात, मग टेलेमॅकस त्यांना एका दोरावर फाशी देतो. मारायचा हुकूम ओडिसियसचा, फाशीचा निर्णय मुलाचा. त्यांची बाजू कुणी विचारत नाही. ज्या माणसाला विधवेचे अश्रू येतात, त्यालाच या बारा जणी दिसत नाहीत. मला हा भाग वाचताना अजूनही त्रास होतो, आणि तो व्हावा असं मला वाटतं.

तुमचा निकाल आणखी एका गोष्टीवर अवलंबून राहील: काव्य कुठे संपतं असं तुम्ही मानता. अ‍ॅलेक्झांड्रियाचे अ‍ॅरिस्टोफॅनीस आणि अ‍ॅरिस्टार्कस हे जुने पंडित ओडिसीचा शेवट तेविसाव्या सर्गात, नवरा-बायको एकत्र येतात त्या ओळीवर मानत. तिथे थांबलात तर युपिथीसचा आरोप ऐकूच येत नाही आणि ओडिसियस सुखाने सुटतो. पुढे वाचलात तर शेवटी तो इथाकाच्याच माणसांवर तुटून पडलेला दिसतो. अथेना ओरडते, झ्यूसची वीज पडते, आणि मगच तो थांबतो. त्याला थांबवायला देव लागतात. मी चोविसावा सर्ग काव्याचा भाग मानते आणि वर्गातही तसाच शिकवते, पण दुसरं मत प्राचीन आहे आणि निबंधात त्याचा उल्लेख हवा. ग्रीकांचंही त्याच्याबद्दल एकमत नव्हतं: सोफोक्लीसच्या 'एजॅक्स'मध्ये तो शत्रूच्या अंत्यसंस्कारासाठी भांडणारा उदार माणूस आहे, आणि इ.स.पू. ४०९ च्या 'फिलोक्टिटीस'मध्ये थंड डोक्याने अकिलीसच्या पोराला खोटं बोलायला लावणारा.

तेव्हा "तो वीर नाही" याऐवजी "तो वीर आहे आणि आपल्या माणसांचा अपराधीही आहे, आणि काव्याला दोन्ही ठाऊक आहे" असं लिहा. हे लिहायला अवघड आहे, कारण प्रत्येक प्रसंगात दोष कोणाचा ते वेगळं ठरवावं लागतं. जागा कमी असेल तर सायक्लॉप्स सोडा, त्यावर सगळेच लिहितात. लेस्ट्रिगोनियनांचं बंदर, स्किला, हेक्टरचं स्वगत आणि चोविसाव्या सर्गातली सभा, एवढे चार उतारे शेजारी ठेवून वाचा. लिहून झाल्यावर इथे टाकलंत तर मी आवडीने वाचेन.